ऑर्डर आली... आणि पैसे गेले!

रात्रीचे साडेदहा. कॅब नुकतीच गेटवर सोडून गेलेली. डोक्यात उद्याच्या कॉलचं टेन्शन, हातात थंड पोळी-भाजी. आणि व्हॉट्सअॅपवर मेसेज येतो, 'मॅडम, दिवाली फराल के ६० बॉक्स चाहिए. मिल जाएंगे?'

साठ! एकदम साठ!

माझ्या मैत्रिणीने ताट बाजूला सरकवलं आणि दोन मिनिटांच्या आत उत्तर दिलं, 'हो सर, नक्की!'

ही २०२४ च्या दिवाळीआधीची गोष्ट. मैत्रीण हिंजवडीत टेस्टिंग करते. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते आणि त्याचे पैसे घेते. शनिवार-रविवारी ती, तिची आई आणि मदतीला येणाऱ्या मावशी मिळून फराळ करतात. इन्स्टाग्रामवर पेज आहे, फोटो झक्कास आहेत, चिवडा तर त्याहून झक्कास. एरवी ऑर्डर यायच्या दोन बॉक्स, चार बॉक्स अशा. कुणाच्या तरी मुंबईच्या मावसबहिणीला, कुणाच्या ऑस्ट्रेलियातल्या भावाला. साठ बॉक्स म्हणजे लॉटरीच! ४५० रुपयांना एक, म्हणजे २७ हजार. तिने लगेच हिशेबही मांडला. मावशींचा दिवाळीचा बोनस निघाला, नवीन ओव्हनचा पहिला हप्ता निघाला.

गिऱ्हाईक म्हणालं, मी आर्मीत आहे, पोस्टिंग पुण्यात आहे, आमच्या जवानांसाठी फराळ हवाय. गणवेशातला फोटो पाठवला, ओळखपत्र पाठवलं, कँटीनचं कार्डही पाठवलं. आवाज एकदम अदबशीर. प्रत्येक वाक्यात दोनदा 'मॅडम'. आता सांगा, पुण्यात लष्करातल्या माणसावर कोण संशय घेणार? खडकी, घोरपडी, वानवडी, एनडीए... आपल्याकडे दर तिसऱ्या सोसायटीत एखादे निवृत्त कर्नल सकाळी फिरायला निघालेले दिसतात. शिवाय जवानांसाठी फराळ म्हटल्यावर तिच्या आईने बॉक्समागे दोन चकल्या जास्त टाकायचं ठरवलं.

'ॲडव्हान्स शनिवारी आमच्या अकाउंट सेक्शनमधून येईल, तुम्ही तयारी सुरू करा,' साहेब म्हणाले. तयारी सुरू झाली. रवा, बेसन, साजूक तूप, काजू, बदाम. तुपाचे भाव तुम्हाला माहीत आहेतच.

शनिवारी रात्री 'अकाउंट सेक्शन'चा व्हिडिओ कॉल आला. आर्मीत पेमेंटची पद्धत वेगळी असते, आधी टेस्टिंग करावं लागतं, असं त्याने सांगितलं. (टेस्टिंग! तिच्याच धंद्यातला शब्द.) त्याने एक रुपयाचा क्यूआर कोड पाठवला. तिने स्कॅन केला, पिन टाकला, एक रुपया गेला. लगेच तिच्या खात्यात दोन रुपये आले. 'देखा मॅडम? जितना भेजोगे, डबल आएगा. आर्मी का सिस्टिम है.' मग आला १३,५०० रुपयांचा कोड. तो स्कॅन केला की २७ हजार येणार होते. तिने स्कॅन केला. आले नाहीत. 'सर्व्हर अटक गया, एक बार और करना पडेगा, दोनों साथ में रिलीज होंगे.' पुन्हा १३,५००. मग आणखी एकदा. ४०,५०० रुपये गेले, कॉल कट झाला, डीपी गायब झाला.

किचनमध्ये चिवड्याचे डबे आणि लाडवांची परात तशीच होती.

अगं, पण पिन टाकलासच का?

मी हा प्रश्न विचारला आणि विचारल्या विचारल्या मला माझीच लाज वाटली. कारण ती रडत होती. आणि कारण खरं सांगायचं तर, त्या रात्री, त्या थकव्यात, त्या साठ बॉक्सच्या आनंदात मीही कदाचित टाकला असता.

तिला माहीत नव्हतं असं नाही. 'पैसे घेताना पिन लागत नाही' हा मेसेज तिने स्वतः फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड केला होता! पण माहीत असणं वेगळं आणि समोर माणूस घाई करत असताना ते आठवणं वेगळं. त्या माणसाने तिचं सॉफ्टवेअर हॅक केलं नाही, पासवर्ड फोडला नाही. तिच्या धंद्यातले चांगले गुण त्याने वापरले. ती पटकन उत्तर देते. गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवत नाही. 'तुमची पद्धत वेगळी असेल तर तसं करू' म्हणते. मोठ्या कंपनीत असा माणूस पर्चेस, अकाउंट्स, कुणाचा तरी अप्रूव्हल असल्या चार टेबलांवरून फिरतो. घरगुती धंद्यात ही चारही टेबलं म्हणजे तुम्ही स्वतः, तेही रात्री साडेदहाला.

म्हणून आधी हा पिनचा फंडा एकदाच नीट समजून घेऊया. यूपीआय २०१६ मध्ये आलं आणि आपण चेकबुक विसरलो. पण पिन म्हणजे चेकवरची सहीच आहे. कुणी तुम्हाला चेक देतं तेव्हा सही कोण करतं? देणारा! तुम्ही घेणारे असाल तर तुमच्या सहीचा संबंध येतोच कुठे? आणि क्यूआर कोड म्हणजे काय, तर एक पत्ता. पैसे कुणाच्या खात्यात जायचे ते नाव-ठिकाण, आणि हवं तर रकमेचा आकडा, एवढंच त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनात लिहिलेलं असतं. तो स्कॅन केला की तुमच्याकडून तिकडे पैसे जातात. उलट्या दिशेने पैसे आणणारा क्यूआर कोड अस्तित्वातच नाही. ना आर्मीत, ना बँकेत, ना कुठल्या सरकारी खात्यात.

पूर्वी याच प्रकारात 'रिक्वेस्ट' पाठवली जायची. 'अमुक तुमच्याकडून पैसे मागत आहे' असं स्क्रीनवर यायचं आणि लोक ते 'पैसे येत आहेत' समजून ओके करायचे. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे अशी रिक्वेस्ट पाठवण्याची सोयच बंद केली. छान झालं. पण क्यूआर कोड स्कॅन करून, आपल्याच हाताने पिन टाकून दिलेले पैसे कुठलं मशीन थांबवणार?

स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, बॉस!

हा दुसरा प्रकार रोजचा. तुळशीबागेतला कानातल्यांचा स्टॉल असो की तुमचं घरून चालणारं साड्यांचं पेज. गिऱ्हाईक स्क्रीनशॉट दाखवतं. हिरवी टिक, रक्कम, वेळ, तुमचं नाव... सगळं बरोबर. आपण 'थँक्यू' म्हणतो आणि पिशवी हातात देतो. असा स्क्रीनशॉट बनवायला दोन मिनिटं लागतात, आणि हुबेहूब पेमेंट अॅपसारखी दिसणारी, हवी ती रक्कम 'सक्सेसफुल' दाखवणारी नकली अॅप्सही आहेत. दुकानांमध्ये रक्कम मोठ्याने सांगणारा तो छोटा स्पीकर लोकप्रिय झाला तो काही उगाच नाही. गर्दीत हात बरबटलेले असताना फोन कोण बघणार?

याचाच सख्खा भाऊ म्हणजे 'जास्तीचे पैसे आले' वाला. तुमची साडी १,५०० ची. फोन येतो, 'ताई, चुकून १५,००० पाठवले हो, हॉस्पिटलसाठी ठेवले होते, बाकीचे प्लीज परत करा.' तेवढ्यात मेसेजही येतो, खात्यात १५,००० जमा. मराठी एकदम शुद्ध, आवाजात रडू. तुम्ही घाबरून १३,५०० परत पाठवता. तो 'जमा'चा मेसेज मात्र बँकेने पाठवलेलाच नसतो. तो त्यानेच टाइप केलेला असतो, साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून. बँकेचे मेसेज असल्या नंबरवरून येत नाहीत, ते बँकेच्या नावाच्या छोट्या इंग्रजी अक्षरांखाली येतात. पण हेही बाजूला ठेवा, कारण घाईत कोण नंबर बघतं? अशा वेळी स्वतःच्या बँकेचं अॅप उघडा आणि बॅलन्स बघा. दुसऱ्याने दाखवलेलं काहीही बघू नका. आणि खरंच जास्तीचे पैसे आलेले असतील, तर 'तुमच्या बँकेत तक्रार करा, बँकेमार्फत परत जातील' असं सांगून शांतपणे चहा प्या.

ज्यांचं छोटं का होईना काउंटर आहे, त्यांच्यासाठी एक किस्सा. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या खजुराहोत कुणीतरी रात्रीतून दुकानांबाहेरच्या, पेट्रोल पंपावरच्या क्यूआर कोडवर स्वतःचे कोड चिकटवून गेलं. सकाळी गिऱ्हाइकं येत होती, पैसे देत होती आणि ते सगळे तिसऱ्याच खात्यात जात होते! स्कॅन केल्यावर वेगळंच नाव येतंय असं गिऱ्हाइकांनी सांगितलं तेव्हा प्रकार उघडकीला आला. एक्झिबिशनमध्ये, फ्ली-मार्केटमध्ये स्टॉल लावत असाल तर सकाळी स्टॉल मांडताना पहिलं काम हे करा, की दुसऱ्या फोनवरून आपलाच कोड स्कॅन करून नाव बघा. आणि कोड बाहेर खांबाला लावू नका, टेबलावर नजरेसमोर ठेवा.

मोठ्यांचीही टोपी उडते

मैत्रीण सारखी एकच वाक्य म्हणत होती, 'मी इतकी मूर्ख कशी?' तिला मी सीरमची गोष्ट सांगितली.

सप्टेंबर २०२२. आपल्या पुण्यातली सीरम इन्स्टिट्यूट, जगाला लस पुरवणारी कंपनी. तिच्या एका संचालकांच्या व्हॉट्सअॅपवर मेसेज आला, पाठवणारा सीईओ अदर पूनावाला असल्याचं भासवत होता. अमुक खात्यांमध्ये ताबडतोब पैसे पाठवा. साहेबांचाच हुकूम समजून १ कोटी १ लाखाहून जास्त रक्कम पाठवली गेली. नंतर कळलं, पूनावालांनी असा मेसेज पाठवलाच नव्हता.

त्याहून भारी प्रकरण गूगल आणि फेसबुकचं. होय, तेच! लिथुआनियाच्या एव्हाल्दास रिमासाउस्कास नावाच्या माणसाने तैवानच्या 'क्वांटा कॉम्प्युटर' या खऱ्या सप्लायरच्याच नावाची कंपनी लाटव्हियात नोंदवली आणि २०१३ ते २०१५ या काळात खोटी बिलं पाठवून दोन्ही कंपन्यांकडून मिळून १० कोटी डॉलरहून जास्त रक्कम काढली. डिसेंबर २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने त्याला पाच वर्षांची शिक्षा दिली. जगातले सगळ्यात हुशार इंजिनियर ज्या इमारतीत बसतात, तिथल्या अकाउंट्सने ही बिलं भरली. कारण नाव ओळखीचं होतं आणि बिल नेहमीसारखं दिसत होतं.

हेच तुमच्याकडे छोट्या रूपात येतं. बॉक्स पुरवणारा, कापड पाठवणारा, पॅकिंगवाला. वर्षभराची ओळख. एक दिवस मेसेज येतो, 'आमचं बँक खातं बदललंय, यापुढे पेमेंट या नंबरवर.' कधी त्याचा ई-मेल कुणीतरी उघडलेला असतो, कधी ई-मेलच्या पत्त्यात एखादंच अक्षर इकडचं तिकडे झालेलं असतं. अशा वेळी तुमच्याकडे आधीपासून सेव्ह असलेल्या नंबरवर फोन करायचा, मेसेजमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. 'काका, खातं बदललं का हो?' एवढंच विचारायचं. काका रागावत नाहीत, उलट चहाला बोलावतात.

एक तांत्रिक गोष्ट, पण कामाची. एनईएफटीने पैसे पाठवताना ते खाते क्रमांकावर जातात. तुम्ही नाव काय टाइप केलंत याला पूर्वी काही अर्थच नव्हता! रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२५ पासून बँकांना खातेदाराचं नाव आधी दाखवण्याची सोय द्यायला सांगितलं. नवीन खातं जोडताना ते नाव वाचा. यूपीआयमध्येही पिन टाकण्याआधी नाव दिसतं. आपण ते वाचत नाही, कारण लिफ्ट आलेली असते.

दुकानच पळवलं तर?

इन्स्टाग्राम पेज हेच ज्यांचं दुकान आहे, त्यांचं दुकान शटरसकट पळवता येतं. 'तुमच्या पोस्टविरुद्ध कॉपीराइटची तक्रार आहे, २४ तासांत अपील करा नाहीतर पेज बंद होईल,' असा मेसेज येतो, लिंकसह. लिंकवर पासवर्ड टाकला की पेज गेलं. मग तुमच्या नावाने तुमच्याच गिऱ्हाइकांकडे पैसे मागितले जातात. तीन वर्षांची मेहनत! टू-स्टेप व्हेरिफिकेशन आजच चालू करा, इन्स्टाग्रामवर आणि व्हॉट्सअॅपवरही. ते सहा आकडी कोड कुणालाही, अगदी सख्ख्या भावाच्या नंबरवरून मागितले तरी द्यायचे नाहीत. कारण भावाचा नंबर भावाकडेच असेल याची गॅरंटी नाही.

व्हॉट्सअॅपवर आलेली एपीके फाइल कधी उघडू नका. लग्नपत्रिका असो, गाडीचं चलन असो, की 'ऑर्डरची लिस्ट' असो. पत्रिका पीडीएफ किंवा फोटो असते, अॅप नसते. तसंच 'पेमेंट अडकलंय, मी मदत करतो' म्हणून कुणी स्क्रीन शेअर करणारं अॅप टाकायला सांगितलं, तर फोन ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेने याबद्दल २०१९ मध्येच सावध केलं होतं.

आणि नव्याने धंदा रजिस्टर करणाऱ्यांनो, 'उद्यम' नोंदणीला एक पैसाही लागत नाही. जीएसटी नोंदणीलाही सरकारी फी नाही. तरी नेटवर शोधलं की सरकारी वाटणाऱ्या, तिरंगा लावलेल्या साइट्स दोन-तीन हजार मागतात. सरकारी साइटचा पत्ता 'डॉट गव्ह डॉट इन'ने संपतो, तेवढं बघा. बँकांचंही आता सोपं झालंय. रिझर्व्ह बँकेने त्यांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर जायला सांगितलं होतं. बँकेच्या नावाने आलेल्या लिंकचा शेवट वेगळाच असेल, तर ती उघडायचीच नाही.

खातंच गोठलं!

याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर. समजा, चोराने कुणाचे तरी पैसे लुबाडले आणि त्याच पैशांतून तुमच्याकडून ८०० रुपयांचा केक घेतला. तुम्ही केक दिला, विषय संपला असं तुम्हाला वाटतं. पण ज्याचे पैसे गेले त्याने तक्रार केली, पोलिसांनी पैशांचा माग काढला आणि तो माग तुमच्या खात्यापर्यंत आला. मग बँक तेवढी रक्कम अडकवून ठेवते, आणि कधीकधी अख्खं खातंच गोठतं! २०२३ मध्ये केरळमध्ये अनेक छोट्या दुकानदारांवर ही वेळ आली होती. तक्रार दुसऱ्याच राज्यातली, पोलिस ठाणं हजार किलोमीटरवर, आणि इथे महिन्याचा किराणा अडकलेला.

हे पूर्ण टाळता येत नाही. पण त्रास कमी करता येतो. धंद्याचं खातं आणि पगाराचं खातं वेगळं ठेवा. माझी मैत्रीण दोन्ही एकाच खात्यात चालवत होती, आपण बहुतेक सगळे तसंच करतो. धंद्याच्या खात्यातले पैसे दर आठवड्याला दुसरीकडे काढून ठेवा. प्रत्येक विक्रीचं बिल करा, मग ते साधं पीडीएफ असलं तरी चालेल. कुणाला, काय, कधी दिलं हे दाखवता आलं, तर बँकेशी आणि पोलिसांशी बोलताना तुमच्या हातात काहीतरी असतं. आणि 'तुमचं खातं फक्त महिनाभर वापरू द्या, कमिशन देतो' म्हणणाऱ्या मित्राला तिथल्या तिथे नाही म्हणा. अशाच खात्यांमधून चोरीचे पैसे पुढे सरकतात आणि पोलिस आधी खातेदाराच्या दारात येतात.

लाज महाग पडते

मैत्रिणीचे पैसे गेले शनिवारी रात्री साधारण अकराला. रविवार अख्खा तिने कुणालाही सांगितलं नाही. आईला नाही, मावशींना नाही. लाडू वळत बसली. सोमवारी लंच टाइममध्ये ऑफिसच्या जिन्यातून मला फोन केला. मी विचारलं, '१९३० ला फोन केलास?'

'ते काय असतं?'

३६ तासांहून जास्त वेळ गेला होता.

१९३० हा सायबर फसवणुकीसाठीचा देशभरचा नंबर आहे. गृहमंत्रालयाने ही यंत्रणा २०२१ मध्ये सुरू केली, तेव्हा नंबर वेगळा होता. तुम्ही फोन करता, व्यवहाराची माहिती देता, ती पैसे ज्या बँकेत गेले तिथे पोहोचते आणि पैसे अजून तिथे असतील तर अडवले जातात. चोराकडचे पैसे एका खात्यात बसून राहत नाहीत. ते दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या खात्यात जातात आणि एटीएममधून बाहेर पडतात. त्यामुळे इथे हिशेब मिनिटांचा आहे. फोन करताना समोर काय हवं? किती रुपये, किती वाजता, कुठल्या बँकेतून आणि त्या व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक. तो पेमेंट अॅपमध्ये त्या व्यवहारावर टॅप केलं की दिसतो. मग 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन' या साइटवर तक्रार पूर्ण करायची आणि तक्रारीचा नंबर जपून ठेवायचा. चॅट डिलीट करू नका, रागाने ब्लॉकही करू नका. आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या.

आपल्या बँकेलाही त्याच वेळी कळवा. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं होतं की, तुमची काहीच चूक नसताना तिसऱ्याच कुणामुळे खात्यातून पैसे गेले आणि तुम्ही कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलंत, तर नुकसान तुमचं नाही. पण तुमच्या निष्काळजीपणामुळे गेले, म्हणजे पिन-ओटीपी तुम्हीच दिलात, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे चूक तुमची असली तरी फोन लवकर करण्यात फायदाच आहे.

तिचं काय झालं? सोमवारी दुपारी तक्रार नोंदवली. बरेचसे पैसे तोवर निघून गेले होते, थोडे एका खात्यात अडकलेले सापडले. ते परत मिळायला कागदपत्रं, पोलिस ठाण्याच्या फेऱ्या आणि बरेच महिने लागले. ओव्हन आला नाही. मावशींचा बोनस मात्र तिने पगारातून दिला.

आणि ते साठ बॉक्स? मंगळवारी तिने ऑफिसच्या ग्रुपवर सरळ लिहिलं, 'माझी फसवणूक झालीय. फराळ तयार आहे. ४५० ला बॉक्स.' लंच टाइम संपायच्या आत ४१ गेले. त्यापेक्षा मोठी गंमत म्हणजे चार जणांनी तिला हळूच बाजूला घेऊन सांगितलं, 'अगं, माझ्याबरोबर पण असंच झालं होतं.' एक तर त्यांच्या कंपनीचा सिक्युरिटीवालाच होता!

आता रूल म्हणजे रूल

त्यानंतर तिने फ्रिजवर एक कागद चिकटवला. आईसाठी, मावशींसाठी आणि मुख्य म्हणजे स्वतःसाठी. रात्री नऊनंतर पैशांचा कुठलाही व्यवहार नाही, ऑर्डरला 'हो' म्हणायचं पण पैशांचं सकाळी. ॲडव्हान्स बँकेच्या अॅपमध्ये दिसल्याशिवाय रवा भाजायचा नाही. वीस बॉक्सच्या वरची ऑर्डर असेल तर गिऱ्हाइकाने येऊन सॅम्पल घेऊन जायचं, किंवा आपण त्यांच्या ऑफिसच्या लँडलाइनवर फोन करायचा. आणि कुणी 'आमच्यात पद्धत वेगळी असते' म्हणालं की, 'आमच्यात एकच असते' म्हणायचं. हे शेवटचं मावशींनी सुचवलं.

मला वाटतं, यातला पहिला रूल सगळ्यात भारी आहे. खऱ्या गिऱ्हाइकाला सकाळपर्यंत थांबायला काहीच हरकत नसते. चोराला असते.

गिऱ्हाइकं तुटली का, असं मी तिला विचारलं. दोन जणी कुरकुरल्या म्हणे, 'एवढं काय ॲडव्हान्सचं.' बाकीच्यांनी गुपचूप पैसे पाठवले. खडकीच्या क्वार्टर्समधून एक बाई दरवर्षी चार बॉक्स नेतात, त्यांचे मिस्टर खरोखरचे आर्मीत आहेत. ही गोष्ट ऐकून त्याच जास्त चिडल्या. 'आमचा गणवेश वापरतात मेले!' म्हणाल्या, आणि चारच्या ऐवजी सहा बॉक्स घेऊन गेल्या. पैसे दिले साध्या पद्धतीने, म्हणजे कोड मैत्रिणीचा आणि पिन त्यांचा.

२०२५ च्या दिवाळीआधी, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, तिच्या घरी पुन्हा फोन वाजला. मैत्रीण चकल्या तळत होती, हात तेलाचे होते. मावशींनी स्पीकरवर घेतला.

'मॅडम, आर्मी से बोल रहा हूं. ८० बॉक्स चाहिए. पेमेंट का प्रोसेस थोडा अलग है...'

मावशींनी फोनवर हात ठेवला आणि आत हाक मारली, 'ताई! तुमचे साहेब आले परत. या वर्षी वीस बॉक्स वाढवलेत!'